बंद कपाटातलं होम थिएटर, बाहेर एकच रिमोट : इंदूरच्या एका फ्लॅटमधल्या कामाच्या नोंदी

जागा लोकमान्य नगर, दुसरा मजला. बैठकीची खोली १६ बाय १२ फूट. ५५ इंची टीव्ही भिंतीवर, बाकी सगळं सामान टीव्हीपासून साडेतीन मीटरवर, बाजूच्या भिंतीतल्या प्लायच्या कपाटात. दारं भरीव, लॅमिनेटची, आणि ती बंदच राहिली पाहिजेत ही घरच्यांची पहिली अट. दुसरी अट अशी की रिमोट एकच आणि बटणांचा हवा. मोबाइलवरचं ॲप चालणार नाही, कारण सगळ्यांत जास्त टीव्ही आजी-आजोबा बघतात.

रिमोटचा इन्फ्रारेड, म्हणजे माणसाला न दिसणारा, प्रकाश बंद दारातून जात नाही; तो आत कसा पोहोचवला, त्याच्या या नोंदी. नोंदींमध्ये इन्फ्रारेड झेलणाऱ्या भागाला 'डोळा' म्हटलं आहे आणि उपकरणावर चिकटवायच्या इन्फ्रारेड एलईडीला 'दिवा'.

१ मार्च २०२५

सामानाची यादी केली. ५.१ चा रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एका सबवूफरचा ॲम्प्लिफायर), सेट-टॉप बॉक्स, ब्लू-रे प्लेअर, फायर टीव्ही स्टिक, सबवूफर. तिन्ही स्रोत रिसीव्हरमध्ये, रिसीव्हरमधून एकच एचडीएमआय केबल टीव्हीला.

सगळे जुने रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून पाहिले. बटण दाबलं की एलईडी जांभळट लुकलुकतो. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा काहीच दिसत नाही, त्याच्यावर इन्फ्रारेड अडवणारी काच असते, म्हणून सेल्फीचा कॅमेरा वापरायचा. स्टिकचा रिमोट कुठल्याच कॅमेऱ्यात लुकलुकला नाही, कारण तो ब्लूटूथवर चालतो. म्हणजे दिवा चिकटवून स्टिक चालणार नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं.

जे करायला हवं होतं आणि केलं नाही ते असं : प्रत्येक रिमोटचं चालू-बंद बटण कुठल्या जातीचं आहे ते तपासणं. एकच कोड चालूचं बंद आणि बंदचं चालू करतो, की चालूचा कोड वेगळा आणि बंदचा वेगळा? कपाट उघडं असतं तेव्हा हा प्रश्न पडत नाही, रिसीव्हरवरचा आकडा डोळ्यांना दिसतो. दार लावलं की आत काय चालू आहे ते कुणालाच कळत नाही. हे पुढे तीन आठवड्यांनी अंगाशी आलं.

२ मार्च

तयार रिपीटर किट (रिमोटचा इशारा बाहेर झेलून कपाटात पुन्हा पाठवणारं) आणलं, १,६५० रुपये. एक डोळा, एक डबी, चार दिवे, यूएसबीवर ५ व्होल्ट. टेबलावर मांडून पाहिलं, सगळं चाललं. टेबलावर सगळंच चालतं.

८ मार्च

सुताराचं काम. कपाटाच्या पाठीला ८ मिलिमीटरचं भोक पाडून घेतलं. डोळ्याची वायर त्यातून गेली, पण टोकाचा साडेतीन मिलिमीटरचा जॅक अडकला, कारण जॅकचं बाहेरचं कव्हर भोकापेक्षा जाड निघालं. भोक १२ चं केलं, रबरी ग्रोमेट बसवलं. एचडीएमआयच्या केबलसाठी तर ४० मिलिमीटरचं भोक लागतंच, तेव्हा पहिल्यापासून तेवढंच एक पाडावं आणि सगळ्या वायरी त्यातून न्याव्यात. टीव्हीपर्यंत वायरी झाकणारी पीव्हीसीची पट्टी टाकली. पट्टीत २३० व्होल्टची वायर टाकली नाही, तिला वेगळी पट्टी.

पाठीच्या प्लायला हवेसाठी झिरी कापायला सांगितली तर सुतार म्हणाला, "भैया, दरवाजा बंद रहेगा, अंदर कौन देखेगा?" बघण्यासाठी नाही, हवेसाठी, हे पटवताना दुपार गेली. आणि शेवटी झिरी चुकीच्या जागीच कापली गेली, ते एप्रिलमध्ये येईल.

दिवा चिकटवायची जागा शोधायची युक्ती : उपकरणाच्या पुढच्या काळ्या प्लास्टिकवर टॉर्च तिरका मारायचा. आतला गोल भिंगासारखा ठिपका दिसतो. दिसला नाही तर दिवा हातात धरून कुणाला तरी रिमोट दाबत राहायला सांगायचं आणि पुढच्या बाजूवरून सावकाश सरकवत न्यायचं. प्रतिसाद कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो त्या दोन खुणा करायच्या, मधोमध चिकटवायचं. किटसोबतची चिकटपट्टी रिसीव्हरच्या उष्णतेने आठवड्यात सुटली. नंतर दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची पट्टी वापरली, आणि वायर दिव्यापासून दोन इंचांवर वेगळी बांधली. वायरचं वजन दिव्यावर येता कामा नये.

९ मार्च

दार लावलं आणि ब्लू-रे बंद पडला. सेट-टॉप बॉक्स चार दाबांत एकदा ऐकतो.

काल तर सगळं चाललं होतं! चाललं होतं, कारण काल दार उघडं होतं. रिमोटचा प्रकाश भिंतीवर आपटून थेट कपाटात जात होता आणि किटचं श्रेय उगाच वाढत होतं. दार उघडं ठेवून घेतलेली प्रत्येक चाचणी फुकट आहे. रिपीटर तपासायचा तर दार लावा, किंवा उपकरणाच्या तोंडावर जाड काळी चिकटपट्टी लावा.

दुसरी खोड अशी की डबीवरचा लहान एलईडी कुणी रिमोट न दाबताही लुकलुकत होता. डोळ्याला काहीतरी खोटं दिसत होतं. खोलीतले दिवे एकेक बंद करत गेलो. फॉल्स सीलिंगमधल्या दोन एलईडी पॅनेलांपैकी एकाचा ड्रायव्हर (पॅनेलला वीज पुरवणारी डबी) गुन्हेगार निघाला. ते बदलल्यावर सकाळी शांत, पण दुपारी चारनंतर पुन्हा लुकलुक. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन सरळ टीव्हीखालच्या डोळ्यावर. उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतं. डोळा टीव्हीखालीच डाव्या कोपऱ्यात हलवला आणि त्यावर काळ्या हीट-श्रिंक नळीचा दीड सेंटिमीटरचा तुकडा टोपीसारखा बसवला. ऊन वरून येतं, रिमोट समोरून, म्हणून टोपी चालते.

१५ मार्च

ब्लू-रेचं कारण सापडलं. त्याचा रिमोट सोनीच्या एसआयआरसी पद्धतीचा आहे. बहुतेक रिमोट ३८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३८ हजार वेळा, लुकलुकतात, सोनीची पद्धत ४० वर. किटचा डोळा ३८ ला जुळवलेला, त्यामुळे सोफ्यावरून आलेला ४० चा इशारा त्याला आधीच मंद दिसतो. शिवाय किट तो झेलून स्वतःच्या ३८ वर पुन्हा पाठवतं, आणि ब्लू-रेचा डोळा ४० ची वाट पाहत असतो. दोन ठिकाणी गळती. तीन फुटांवरून चालतं, बारा फुटांवरून नाही.

सेट-टॉप बॉक्सचं दुखणं वेगळं होतं. चार दिव्यांपैकी एकाचा प्रकाश दाराच्या फटीतून बाहेर येऊन समोरच्या काचेच्या शोकेसवरून परत डोळ्याकडे जात होता. डोळ्याने तो पुन्हा झेलला, डबीने पुन्हा पाठवला. माईक स्पीकरसमोर धरल्यावर शीळ घुमते, त्यातलाच हा प्रकार. दिव्यांच्या पाठीवर काळी चिकटपट्टी लावली, काम झालं.

१६ मार्च

'शिकणारा' (दुसऱ्या रिमोटचे कोड उचलणारा) युनिव्हर्सल रिमोट आणला, १,२०० रुपये. लॉजिटेकचे हार्मनी रिमोट या कामासाठी पूर्वी पहिलं नाव होतं, पण कंपनीने २०२१ मध्ये ते बनवणं थांबवलं. जुन्या मालाच्या मागे लागलो नाही, त्यांची मांडणी कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असते.

शिकवताना दोन्ही रिमोट टेबलावर नाकासमोर नाक, अंतर ३ ते ५ सेंटिमीटर, सेल नवे, खोलीत ऊन नको. बटण टिचकीसारखं दाबायचं. दाबून धरलं तर तो कोडसोबत त्याची पुनरावृत्तीही शिकतो, मग आवाज एका दाबात सहा पायऱ्या चढतो. आपला चढला.

संध्याकाळी आजोबांनी १४४ नंबरचा चॅनल लावायला घेतला. पडद्यावर १४. पुन्हा दाबलं, पुन्हा १४. १२३ बरोबर लागतो, १४५ लागतो, १४४ नाही, १५५ नाही, २२० नाही. सारखे दोन आकडे लागोपाठ आले की दुसरा गायब. सेल बदलले, पुन्हा शिकवलं, तेच.

बॉक्सचा रिमोट फिलिप्सच्या आरसी-५ जातीचा आहे. या पद्धतीत प्रत्येक नव्या दाबाला एक बिट उलटतो. ० चा १, १ चा ०. बिट उलटला नाही तर बॉक्स समजतो की पहिलंच बटण दाबून धरलंय. शिकणारा रिमोट नक्कल करतो, त्यामुळे त्याने '४' शिकताना जो बिट होता तो कायमचा गोठवला. दोनदा दाबलं तरी बॉक्सच्या लेखी एकच लांब दाब. यावर उपाय म्हणजे शिकवायचं नाही, रिमोटच्या आतल्या यादीतला तयार कोड निवडायचा, मग तो बिट स्वतः उलटवतो. पण या रिमोटच्या यादीत हा बॉक्सच नव्हता. १४४ आठवडाभर मधे ५ आकडा दाबून, खोडून, मग ४ दाबून लावावा लागला.

१९ मार्च

रंगपंचमी. गेरमुळे (रंगांच्या मिरवणुकीमुळे) राजवाड्याकडे जायचा प्रश्नच नाही. काम शून्य.

२२ मार्च

एका बटणाला हुकमांची मालिका जोडली. टीव्ही चालू, ८ सेकंद थांब, रिसीव्हर चालू, ३ सेकंद थांब, रिसीव्हरचं इनपुट सेट-टॉप बॉक्स. एकूण बारा सेकंद, आणि तेवढा वेळ रिमोट डोळ्याकडेच रोखलेला हवा.

आजींनी बटण दाबलं आणि रिमोट मांडीवर ठेवला. टीव्ही लागला, आवाज नाही. परत दाबलं, आता टीव्ही बंद झाला आणि रिसीव्हर चालू. "अरे, हात किती वेळ असा धरून बसायचा?" त्यांचं बरोबर होतं. रिमोट हातात असतो तो दाबून खाली ठेवायला.

म्हणजे दोन गोष्टी ठरल्या. मालिका रिमोटमध्ये नको, कपाटात हवी. रिमोटने फक्त एक छोटा इशारा द्यायचा, बाकीचं कपाटातल्या यंत्राने करायचं. आणि चालू-बंद एकाच कोडवर असेल तर मालिका कधी ना कधी उलटी पडणारच. बंद दारामागे हे उलटं पडलेलं दिसतही नाही, ऐकूच येतं.

वायफायवर चालणारी तयार आयआर (इन्फ्रारेड) ब्लास्टर यंत्रं मिळतात, त्यांचा विचार केला आणि सोडला. ती मोबाइलच्या ॲपसाठी बनवलेली, बटणांच्या रिमोटचं ऐकत नाहीत, आणि इंटरनेट गेलं की अर्धी मुकी होतात.

ठरलेली मांडणी : युनिव्हर्सल रिमोटला घरात नसलेल्या एका कंपनीच्या टीव्हीचा, एनईसी पद्धतीचा कोड द्यायचा. घरातलं एकही उपकरण त्याला थेट ओळखणार नाही. टीव्हीखालचा डोळा तो झेलेल, कपाटातला नोडएमसीयू बोर्ड (प्रोग्राम भरता येणारा बारका कंप्युटर) त्याचा अर्थ लावेल आणि योग्य त्या उपकरणाला त्याच्या भाषेत सांगेल. किटची डबी बाद.

२३ मार्च

जेल रोडवरून सुटे भाग आणले. नोडएमसीयू ३५० रुपये, बाकी बारीकसारीक २२० रुपये.

डोळ्याची पहिली फसगत दुकानातच झाली. काउंटरवर तीन पायांच्या प्रत्येक डोळ्याला '१७३८' म्हणतात. खरा टीएसओपी १७३८ पाचच्या आसपास व्होल्ट मागतो आणि त्याचे पाय भिंगाकडून पाहिले तर डावीकडून ग्राउंड, सप्लाय, आउटपुट असे असतात. टीएसओपी ३८२३८ चे पाय आउटपुट, ग्राउंड, सप्लाय असे, आणि तो ३.३ व्होल्टवर चालतो. पाकिटावर १७३८, आतला माल दुसऱ्या पायांचा. उलटा जोडलेला पहिला डोळा दोन मिनिटांत चटका बसेल इतका तापला आणि गेला. २५ रुपयांचं नुकसान, पण तासभर प्रोग्राममध्ये चूक शोधत बसलो ते वेगळं. तेव्हा ३८२३८ असं स्पष्ट छापलेलाच घ्यावा आणि पाय डेटाशीटवरून पाहावेत.

दुसरी चूक. दिव्यांचा ट्रान्झिस्टर नोडएमसीयूच्या डी४ पायाला जोडला. बोर्ड सुरूच होईना. चालू होताना त्या पायावर ३.३ व्होल्ट असावे लागतात, ट्रान्झिस्टरच्या बेसने ते खाली ओढले. डी३ आणि डी८ चेही असेच नखरे आहेत. डी२ वर दिवे आणि डी५ वर डोळा, असं केल्यावर बोर्ड मुकाट चालू झाला.

२४ मार्च

आज सगळ्यांत जास्त वेळ गेला, आणि तोही जास्त उजेडामुळे.

दिव्यांना सुरुवातीला ३३ ओहमची रोधकं लावली होती. हा आकडा खोलीभर इन्फ्रारेड फेकणाऱ्या सर्किटचा आहे : ५ व्होल्ट, त्यातून एलईडीचे १.३५ आणि ट्रान्झिस्टरचे ०.२ वजा, उरले ३.४५, भागिले ३३, म्हणजे १०० मिलिॲम्पियरच्या वर. दिवा चिकटवला की सेट-टॉप बॉक्स दहातले चार दाब ऐकतो. दिवा हातात घेऊन फूटभर लांब धरला की दहाच्या दहा! आधी वाटलं जागा चुकली. मग वाटलं कोड चुकला. शेवटी दिवा आणि बॉक्सच्या मध्ये साध्या कागदाची घडी घातली आणि लगेच सगळं सुरळीत झालं. डोळ्याच्या अगदी तोंडाशी इतका उजेड पाडला की तो दिपतो, लुकलुकीच्या मधली विश्रांती त्याला नीट दिसत नाही.

१५० ओहम लावले. प्रत्येक दिव्याला साधारण २३ मिलिॲम्पियर, चार दिव्यांचे मिळून ९२. एका २एन२२२२ ट्रान्झिस्टरला हे सहज झेपतं. बेसला ४७० ओहम. बीसी५४७ वापरू नये, त्याची मर्यादाच १०० आहे.

डोळ्यापासून बोर्डपर्यंत कॅट-६ ची ८ मीटर वायर, वळणं धरून. एक जोडी आउटपुट आणि ग्राउंड, दुसरी ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड, तिसऱ्या जोडीवर टीव्हीचा दिवा. डोळ्याजवळच १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि सप्लायमध्ये १०० ओहम टाकले. एवढ्या लांबीवर आउटपुटच्या कडा बोथट होतात, म्हणून बोर्डच्या टोकाला आउटपुट आणि ३.३ व्होल्टच्या मध्ये १० किलोओहम.

२५ ते २८ मार्च, रोज तास-दीड तास

प्रोग्राम. आयआररिमोटईएसपी८२६६ नावाची तयार लायब्ररी आहे, एनईसी, आरसी-५, सोनी सगळं तिला येतं. लागलेल्या ठेचा :

बोर्ड दिवे लावत असताना डोळा बंद ठेवायचा. नाहीतर टीव्हीच्या दिव्याचा उजेड टीव्हीखालच्या डोळ्यात जातो आणि बोर्ड स्वतःचंच बोलणं ऐकून गोंधळतो. पाठवून झालं की डोळा परत सुरू. १५ मार्चला काळ्या पट्टीने केलं ते इथे दोन ओळींत झालं.

ब्लू-रेला कोड एकदाच पाठवत होतो. सोनीच्या पद्धतीत तोच कोड किमान तीनदा गेला पाहिजे, नाहीतर उपकरण मान्यच करत नाही.

आवाजाचं बटण दाबून धरलं तरी एकच पायरी चढायची. एनईसीचा रिमोट बटण धरून ठेवलं की कोड पुन्हा पाठवत नाही, दर ११० मिलिसेकंदांनी 'तेच चालू दे' एवढाच छोटा इशारा देतो. तो इशारा ओळखून शेवटचा कोड पुन्हा पाठवायचा. पण पाठवताना डोळा बंद, त्यामुळे मधले काही इशारे हुकतात आणि आवाज रेंगाळत चढतो. प्रत्येक इशाऱ्याला दोन पायऱ्या पाठवल्या, आता वेग ठीक आहे.

१४४ लागला. बोर्ड नव्या दाबाला बिट उलटवतो आणि दाबून धरलेल्याला उलटवत नाही. आजोबांनी पाच वेळा लावून पाहिला.

२९ मार्च

चालू-बंदचा प्रश्न. १ मार्चला न केलेली यादी आज केली.

रिसीव्हर शहाणा आहे. चालूचा कोड वेगळा, बंदचा वेगळा, इनपुटचेही थेट कोड. रिमोटवर ही बटणं नाहीत, पण कोड कंपनीच्या तक्त्यात असतात आणि चालतात. ब्लू-रेचाही तसाच प्रकार. टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स मात्र एका कोडवर उलटसुलट होणारे.

बॉक्ससाठी सरळ मार्ग घेतला, तो बंदच करायचा नाही. मालिकेत त्याच्या चालू-बंदला हातच लावला नाही. वीज जाऊन आली की हा बॉक्स आपोआप चालू होतो, हे तीनदा मेन बंद करून तपासलं. थोडी वीज जास्त जाते, पण बारा सेकंदांच्या कोड्यापेक्षा बरं.

टीव्हीला तसं चालणार नाही. त्याच्या मागच्या यूएसबी पोर्टवर चालू असताना ५ व्होल्ट येतात, बंद असताना ०. ते ५ व्होल्ट कॅट-६ च्या चौथ्या जोडीवरून बोर्डकडे आणले, १० आणि २० किलोओहमने विभागून ३.३ केले आणि डी६ ला दिले. आता बोर्ड आधी विचारतो. ५ व्होल्ट आहेत? मग टीव्ही चालूच आहे, कोड पाठवू नको. सगळे टीव्ही असे वागत नाहीत, काहींच्या यूएसबीवर बंद केल्यावरही वीज राहते. मल्टिमीटर लावून, बंद केल्यानंतर दहा मिनिटं थांबून पाहावं. इथे ४० सेकंद राहते, म्हणून बंद केल्यावर पाऊण मिनिट बोर्ड या वाचनावर विश्वास ठेवत नाही, स्वतःच्या आठवणीवर चालतो.

३० मार्च

पाडवा. सकाळी गुढी, दुपारी स्टिक.

स्टिकसाठी फ्लर्क नावाचा यूएसबी डोळा घेतला, ३,४०० रुपये. पूर्ण कामातली सगळ्यांत महाग वस्तू. तो इन्फ्रारेड झेलतो आणि स्टिकला कीबोर्ड असल्याचं भासवतो. मध्ये ओटीजी केबल (स्टिकच्या एकाच यूएसबीला वीज आणि डोळा दोन्ही जोडणारी) लागते. पहिल्यांदा स्टिकला वीज रिसीव्हरच्या यूएसबीमधून दिली तर ती दर काही मिनिटांनी नव्याने सुरू व्हायची, कारण तेवढी वीज तिथे मिळत नाही. सोबतचा ॲडॅप्टर लावल्यावर थांबलं. स्टिक रिसीव्हरच्या पत्र्यामागे चेपून बसली होती, तीही सोबतच्या छोट्या एचडीएमआय वायरने बाहेर काढली. वायफाय आणि ब्लूटूथ प्लायमधून जातात, पत्र्यातून नाही.

बोलून शोधायचं असेल तर स्टिकचा मूळ रिमोटच लागतो. तो टीपॉयच्या खणात आहे. त्यामुळे 'एकच रिमोट' हे नव्वद टक्केच खरं.

५ एप्रिल

भूत. टीव्ही चालू केला की रिसीव्हर आपोआप स्टिकच्या इनपुटवर जातो, बोर्डने सेट-टॉप बॉक्स सांगितलं तरी. बोर्डचा दोष नव्हता, एचडीएमआय-सीईसीचा होता. एचडीएमआयच्या १३ नंबरच्या पिनवरून उपकरणं आपापसात बोलतात. टीव्ही उठला, त्याने स्टिकला उठवलं, स्टिक म्हणाली चित्र माझं दाखवा. कंपन्या याला निरनिराळी नावं देतात, सॅमसंग ॲनिनेट प्लस, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. टीव्ही, रिसीव्हर, स्टिक तिन्हीकडे शोधून बंद केलं. यात एआरसीही गेलं, म्हणजे टीव्हीतल्या ॲपचा आवाज रिसीव्हरमधून येत नाही. इथे टीव्हीतली ॲप कुणी वापरत नाही, म्हणून चाललं. ज्यांच्याकडे वापरतात त्यांना सीईसी ठेवावं लागेल आणि एकेक उपकरणाची 'आपोआप चालू' ही सोय वेगळी मारावी लागेल.

२० एप्रिल

रिसीव्हर एका मॅचच्या मध्येच बंद पडला. दार उघडलं तर आत भट्टी. थर्मामीटर ठेवून मोजलं : खोलीत ३६ अंश, कपाटात दोन तासांनी ५८.

सुताराने झिरी पाठीला वर कापली होती आणि खाली हवा यायला वाटच नव्हती. गरम हवा बाहेर जायची तर तेवढीच थंड आत यायला हवी. खालच्या फळीला दाराच्या मागे ४ बाय १२ इंचांची जाळी बसवली, दाराखाली अर्धा इंच फट होतीच. वर १२० मिलिमीटरचे १२ व्होल्टचे दोन पंखे. पहिल्या दिवशी एक आत फुंकणारा आणि एक बाहेर फेकणारा असे शेजारी-शेजारी लावले. दोघं एकमेकांचीच हवा फिरवत बसले, फरक फक्त ३ अंशांचा. दोन्ही बाहेर फेकणारे केले तेव्हा ५८ चे ४४ झाले.

पंखे कधी चालू करायचे? थर्मोस्टॅटचा विचार सोडला. मे महिन्यात इंदूरच्या खोलीतच ३८-३९ असतं, तो रात्रंदिवस चालूच राहिला असता. रिसीव्हरच्या मागे १२ व्होल्टचं ट्रिगर आउटपुट असतं, रिसीव्हर चालू असेपर्यंतच त्यावर वीज येते. पंखे थेट त्यावर लावू नयेत, ते आउटपुट नाजूक असतं. त्यावर १२ व्होल्टचा लहान रिले (विजेने चालणारा स्विच), त्याची कॉइल ३० मिलिॲम्पियर घेते, कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड. रिले पंख्यांना वेगळ्या ॲडॅप्टरची वीज देतो. ॲडॅप्टर ९ व्होल्टवर ठेवला, आवाज जवळजवळ ऐकू येत नाही.

११ मे

बाहेर ४२ अंश. दुपारी दोन तास वीज गेली, आयती परीक्षा. आली तेव्हा बॉक्स चालू, रिसीव्हर आणि टीव्ही बंद, बोर्ड कोरा. आजींनी बटण दाबून रिमोट मांडीवर ठेवला. चौदा सेकंदांनी आवाज आला. कपाटातलं तापमान संध्याकाळी ४७.

खर्च : बाद झालेलं किट १,६५०, रिमोट १,२००, नोडएमसीयू ३५०, सुटे भाग २२०, कॅट-६ १६०, फ्लर्क ३,४००, पंखे ८००, रिले आणि डायोड १२०, ॲडॅप्टर २५०, पट्टी १८०, सुतार १,५००. एकूण ९,८३०. नोडएमसीयूला जुना मोबाइल चार्जर वापरला. हाताने केलेलं काम अंदाजे ४५ तास, त्यातले वीस तरी किटमागे आणि कागदाच्या घडीचं कोडं सुटेपर्यंत.

सर्किटचा आराखडा, वायरींचे रंग आणि प्रत्येक उपकरणाचे कोड एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. सबवूफर अजून स्वतःच्या मर्जीने झोपतो, हळू आवाजात त्याला जागच येत नाही. त्याच ट्रिगरवर आणखी एक रिले लावून पाहायचा आहे.